लॅपटॉपच्या कीबोर्डची बटणं चालेनाशी झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. दुकानात येणारी माणसं बहुतेक वेळा निदान करूनच येतात: "कीबोर्ड गेलाय, नवीन टाका." त्यातले बरेच कीबोर्ड गेलेले नसतात. काहींचं सेटिंग बदललेलं असतं, काहींच्या बटणाखाली कचरा असतो, आणि काहींच्या बाबतीत दोष कीबोर्डचा नसून त्याच्या खालच्या बॅटरीचा असतो. पैसे खर्च करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं घरीच तपासून बघता येतं. लोक मला जे विचारतात, त्याच क्रमाने उत्तरं लिहिली आहेत.

बटण चालत नाही म्हणजे कीबोर्ड बदलावाच लागेल का?

लगेच नाही. आधी दोष विंडोजमध्ये आहे की प्रत्यक्ष कीबोर्डमध्ये, हे ठरवायचं. शेजाऱ्याकडून किंवा ऑफिसमधून साधा यूएसबी कीबोर्ड आणा आणि लॅपटॉपला जोडा. बाहेरच्या कीबोर्डवरही तेच बटण चालत नसेल, तर दोष विंडोजमध्ये, सेटिंगमध्ये किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. कीबोर्ड बदलून काहीही होणार नाही. बाहेरच्यावर चालतं आणि लॅपटॉपच्यावर नाही, असं असेल तर संशय लॅपटॉपच्या कीबोर्डवर जातो. पण तरीही खात्री झालेली नसते, कारण आतल्या कीबोर्डचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा असतो.

खात्री विंडोजच्या बाहेर होते. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावर, जा. डेल, एसर, असुसवर सहसा एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२. तेच बटण बंद असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप या वाटेने माउसनेही तिथे पोचता येतं. बायोसमध्ये बाण, एंटर, एस्केप तपासा. अक्षरं तपासण्यासाठी मात्र तिथे पासवर्ड ठेवून बघायच्या भानगडीत पडू नका. अर्धवट चालणाऱ्या कीबोर्डवर ठेवलेला बायोस पासवर्ड पुन्हा टाइप करता आला नाही, तर साधी दुरुस्ती मदरबोर्डपर्यंत, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डापर्यंत, जाते. अक्षरांसाठी उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता तो नुसता चालवून बघावा. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुरू होतानाच मिळणाऱ्या हार्डवेअर चाचणीत कीबोर्डची चाचणीही असते.

विंडोजच्या बाहेरही बटण मेलेलंच असेल, तर दोष हार्डवेअरचा. मग पुढचे प्रश्न वाचा.

एकच बटण नाही, पाच-सहा बंद आहेत, आणि तीही एकमेकांपासून लांब. असं कसं?

याच तक्रारीतून सगळ्यात जास्त कळतं. तुमच्या कीबोर्डवर ऐंशी-शंभर बटणं असतात, पण त्यांच्यासाठी ऐंशी-शंभर वेगळ्या तारा नसतात. आत प्लास्टिकच्या पातळ थरांवर चांदीच्या शाईने रेषा ओढलेल्या असतात, काही आडव्या, काही उभ्या. प्रत्येक बटण म्हणजे एका आडव्या आणि एका उभ्या रेषेची भेट. बटण दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो, त्या दोन रेषा जोडल्या जातात, आणि मदरबोर्डवरची छोटी चिप ओळखते की कोणत्या चौकात कोण भेटलं. ही चिप सगळ्या रेषा सेकंदाला कित्येक वेळा चाळत असते.

आता एक रेषा कुठे तुटली, गंजली किंवा तिची रिबन पट्टी कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, की त्या रेषेवरची सगळी बटणं एकदम जातात. रेषा कशा फिरवायच्या हे कंपनी जागेच्या सोयीने ठरवते, त्यामुळे ती बटणं पृष्ठभागावर कुठेही विखुरलेली दिसतात.

म्हणून एक काम करा. कागदावर कीबोर्डचं चित्र काढा, प्रत्येक बटण दाबून बघा आणि जे चालत नाही त्यावर फुली मारा. एकाच बटणावर फुली आली, तर त्या बटणाखाली कचरा किंवा रबर फाटलेलं. फुल्या विखुरलेल्या पण दर वेळी त्याच, तर रेषा किंवा रिबन. फुल्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या, तर तिथे काहीतरी सांडलं होतं, तुम्हाला आठवत असो वा नसो. आणि फुल्या दर वेळी बदलत असतील, तर बहुधा ओल किंवा सैल रिबन. हा कागद दुरुस्तीवाल्याला दाखवा. मला कुणी असा कागद आणून दिला, की माझा अर्धा तास वाचतो.

रिबन सैल आहे का, हे मला घरी बघता येईल?

ज्या लॅपटॉपचं खालचं झाकण साध्या स्क्रूने निघतं आणि वॉरंटी संपलेली आहे, तिथे येईल. चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर बोर्डावरून सोडवा. कीबोर्डची चपटी पट्टी एका बारीक कनेक्टरमध्ये जाते. त्या कनेक्टरला एक पापणी असते, काळी किंवा पांढरी. पापणी नखाने उचलायची, पट्टी सरळ बाहेर काढायची, तिची टोकं कोरड्या मऊ कापडाने पुसायची, सरळ आत सरकवायची, पापणी दाबायची. पापणी न उचलता पट्टी ओढली तर कनेक्टर तुटतो, आणि तो बदलायला बोर्डावर डाग द्यावा लागतो. हात स्थिर नसेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

यू, आय, ओ, जे, के, एल दाबलं की आकडे येतात.

नम लॉक चालू झालंय. काही छोट्या लॅपटॉपमध्ये वेगळा नंबर पॅड नसल्याने तो अक्षरांवरच बसवलेला असतो: जेवर १, केवर २, एलवर ३, यूवर ४, आयवर ५, ओवर ६, एमवर शून्य. एफएन धरून नम लॉक किंवा स्क्रोल लॉक लिहिलेलं बटण दाबा. ते सापडत नसेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडून, त्याच्या ऑप्शन्समध्ये अंकपट्टी चालू करून, तिथून नम लॉक बंद करा.

बटण बराच वेळ दाबून धरलं तरच उमटतं. हळूच टाइप केलं तर काहीच नाही.

विंडोजमधलं फिल्टर कीज चालू झालेलं असणार. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ही सोय आहे: चुकून लागलेला हलका स्पर्श विंडोज मोजत नाही. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवलं की ते चालू करायची खिडकी येते, आणि विचार करताना बोट शिफ्टवर ठेवून बसणाऱ्यांकडून ती नकळत मान्य होते. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन बंद करा. तिथेच स्टिकी कीजही बघून घ्या. शिफ्ट ५ वेळा दाबल्याने ते चालू होतं, आणि मग कंट्रोल दाबून सोडल्यावर नुसतं एक अक्षर दाबलं तरी शॉर्टकट सुरू होतात.

कीबोर्ड बदलायला आलेल्या एका आजोबांचा लॅपटॉप मी एवढ्या एका सेटिंगवर परत दिला आहे. आधी दुसरीकडे त्यांना नव्या कीबोर्डची किंमत सांगून झाली होती.

आवाज कमी-जास्त करायची बटणं आता एफ१, एफ२ सारखी वागतात. विंडोजचं बटणही चालत नाही.

पहिल्यासाठी एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बघा. अनेक लॅपटॉपवर एफएन लॉक तिथेच असतो. काहींवर ते बायोसमध्ये बदलावं लागतं. विंडोजचं बटण गेमिंग लॅपटॉपवर मुद्दाम बंद करता येतं, खेळता खेळता चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. एफएन आणि विंडोज एकत्र दाबा, किंवा कंपनीचं जे सॉफ्टवेअर लॅपटॉपसोबत आलंय त्यात बघा.

इंग्रजी टाइप होतं, पण मराठीत शब्द तुटतात. कीबोर्ड खराब आहे का?

हा प्रश्न इंग्रजी मदतपानांवर सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण बटण-मांडणीत, टाइप करत असाल, तर इंग्रजी डीच्या जागी हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह असतं. इंग्रजीत डी गेला तर शब्दात एखादं अक्षर कमी पडतं आणि वाचणारा समजून घेतो. मराठीत मात्र डी गेला की जोडाक्षर संपलं. 'रस्ता'चा 'रसता' होतो, 'स्वप्न'चं 'सवपन'. एका प्राथमिक शाळेतल्या बाई निकालपत्रकं टाइप करत होत्या. त्यांना वाटलं फॉन्ट बिघडला. फॉन्ट दोनदा बदलून झाला, मग विंडोज नव्याने टाकून झालं. क्ष, त्र, ज्ञ आणि श्र मात्र उमटत होते, त्यामुळे जोडाक्षरं येतात असंच सगळ्यांना वाटत राहिलं. ती चार अक्षरं इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि वरच्या आकड्यांच्या बटणांवर तयार बसवलेली असतात, त्यांना हलन्त लागतच नाही. डीखाली पेन्सिलच्या शिशाचा तुकडा अडकला होता.

उच्चारानुसार, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करत असाल, तर एच बंद पडल्याचा फटका असाच मोठा. ख, घ, छ, थ, ध, भ, सगळे एचवर उभे आहेत. म्हणून मराठीत काही विचित्र होऊ लागलं की भाषा इंग्रजी करा, नोटपॅड उघडा आणि सगळी अक्षरं ए ते झेड एकेक दाबून बघा. इंग्रजीत सगळी उमटली तरच दोष मराठी लेआउटचा.

लेआउटचा दोषही कॉमन आहे. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते, आणि ते चुकून सहज होतं. ॲट द रेटच्या जागी अवतरण चिन्ह येत असेल, तर अमेरिकन ऐवजी ब्रिटिश इंग्रजी लेआउट लागलाय. सेटिंग्जमध्ये जाऊन तो काढून टाका. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करणाऱ्यांची तक्रार असते की आल्ट धरून आकडे टाकले तरी अक्षर येत नाही. ते कोड वरच्या ओळीतल्या आकड्यांनी चालत नाहीत, नंबर पॅडच लागतो. नंबर पॅड (अक्षरांवर बसवलेलाही) नसलेल्या लॅपटॉपला शंभर टक्के चांगला कीबोर्डही तिथे उपयोगाचा नाही. यूएसबीचा वेगळा नंबर पॅड घ्यावा.

काल चांगला होता, आज सकाळी पूर्ण कीबोर्ड मेलाय.

सगळा कीबोर्ड एकदम गेला, तर तो सहसा झिजून गेलेला नसतो. आधी रीस्टार्ट करा. शटडाउन नव्हे, रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना आतली बरीच स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुन्हा तशीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. फरक पडला नाही तर लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि जोडलेलं सगळं काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. कीबोर्ड सांभाळणारी चिप कधीकधी अडकून बसते, तिची वीज तोडली की ती पुन्हा पहिल्यापासून उठते.

त्यानेही फरक पडला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड्सखालची नोंद अनइन्स्टॉल करून पुन्हा रीस्टार्ट करा; विंडोज ड्रायव्हर परत बसवतं. हे करण्याआधी स्क्रीनवरचा कीबोर्ड माउसने उघडता येतो ना, ते बघून ठेवा. उलटा दुमडून टॅब्लेट होणारा लॅपटॉप असेल, तर स्क्रीन पूर्ण मागे नेऊन परत आणा. दुमडल्यावर कीबोर्ड आपोआप बंद करणारा सेन्सर तिथे असतो आणि तो चुकीच्या स्थितीत अडकू शकतो.

चहा सांडला. आत्ताच. काय करू?

पॉवर बटण दाबून धरा आणि लॅपटॉप बंद करा. फाइल सेव्ह करत बसू नका. चार्जर भिंतीतून काढा, मग लॅपटॉपमधून. स्क्रीन पूर्ण उघडा आणि लॅपटॉप टेबलाच्या कडेवर किंवा टॉवेलवर तंबूसारखा पालथा घाला, कीबोर्ड खाली, म्हणजे चहा आला त्याच वाटेने बाहेर जाईल. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. आता वाचा.

लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते आणि काही भागांत वीज राहते. खरं नुकसान पाणी करत नाही, ओल्या धातूतून वाहणारी वीज करते. नळाच्या पाण्यात, चहात क्षार असतात. त्यातून वीज गेली की चांदी, तांबं विरघळतं, एका रेषेपासून दुसरीपर्यंत पसरतं आणि बारीक पूल तयार होतात. म्हणून जमेल तितक्या लवकर झाकण उघडून बॅटरीची वायर सोडवणं, किंवा सोडवून घेणं, हे सगळ्यात मोठं काम आहे. बाकी सगळं त्यानंतर.

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ आतली ओल ओढून घेत नाही, उलट पीठ आणि भुसा आत जातो. ॲपलनेही २०२४मध्ये आयफोनच्या बाबतीत तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलं. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं, आणि गरम हवेने बटणं वाकतात. कडक उन्हातही नको. सावलीत, पंख्याखाली ठेवा.

साखर नसलेलं स्वच्छ पाणी थोडं सांडलं असेल आणि बॅटरी वेळेत सुटली असेल, तर दोन दिवस वाळवून सुरू करायला हरकत नाही. दुधाचा गोड चहा, सरबत, सोलकढी असं काही असेल तर नुसतं वाळवून चालत नाही. पाणी उडून जातं, साखर आणि मीठ आतच राहतात. बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो, आणि कीबोर्ड बहुधा बदलावाच लागतो, कारण त्याचे थर चिकटवलेले असतात, ते उघडून धुता येत नाहीत.

२२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. त्यानंतर गाळाने भरलेले लॅपटॉप माझ्याकडे आले. त्यातले जे वाचले, ते कुणी चालू करून बघितलेच नव्हते. "होतोय का सुरू" म्हणून रोज बटण दाबून बघितलेले जवळजवळ सगळे बोर्डासकट गेले. माणसं घाबरलेली होती, आत मुलांचे फोटो होते, कामाच्या फाइली होत्या. मला त्यांना दोष द्यायचा नाही. पण कुणीतरी त्यांना त्या दिवशी हे सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहितो आहे. ओला लॅपटॉप चालू करू नका.

सांडून महिना झाला, तेव्हा काहीच झालं नव्हतं. आता एकेक बटण जातंय.

त्याच सांडण्याचा परिणाम. आत राहिलेली साखर आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतात आणि गंज हळूहळू चढतो. आता कीबोर्ड बदलताना बोर्डही तपासून, साफ करून घ्या. नुसता कीबोर्ड बदलला तर गंज खाली चालूच राहील.

पावसाळ्यात सकाळी बटणं चालत नाहीत, दुपारपर्यंत आपोआप चालू होतात.

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे रोजचं दुखणं आहे. रात्रभर लॅपटॉप गार पडतो, हवा ओलीकच्च असते, आणि कीबोर्डच्या थरांमध्ये दमट धूळ बसते. लॅपटॉप तास-दोन तास चालला की आतल्या उष्णतेने तो वाळतो आणि बटणं परत येतात. समुद्राजवळच्या घरांत हवेतला मिठाचा अंशही भर घालतो.

कीबोर्ड लगेच बदलू नका. लॅपटॉप रोज किमान तासभर चालवा. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेला लॅपटॉप वापरातल्यापेक्षा लवकर बिघडतो. ठेवताना हवाबंद डब्यात किंवा जाड पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या अधूनमधून बदला. ओल्या भिंतीला लागून किंवा खिडकीखाली ठेवू नका. आणि पावसातून घरी आल्यावर बॅगेतून लगेच बाहेर काढा. बाहेरून कोरडी वाटणारी बॅग आतून दमट असते.

दुपारी परत येणारी बटणं ऑक्टोबरमध्येही सकाळी रुसत असतील, तर मात्र गंज चढलाय.

बटण दाबायला जड लागतं, किंवा करकरतं. आत मुंग्या दिसल्या.

लॅपटॉप बंद करून पालथा धरा, हलकेच थोपटा. मग रंगकामाचा मऊ ब्रश बटणांच्या फटींतून फिरवा. कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवायचा हाताने दाबायचा रबरी ब्लोअर उत्तम काम करतो. दाबलेल्या हवेचा डबा वापरलात तर तो उभाच धरा, आडवा झाला की त्यातून गारठलेला द्रव बाहेर येतो.

मुंग्या आल्या म्हणजे आत गोड काहीतरी आहे. कीटकनाशकाचा फवारा लॅपटॉपवर कधीही मारू नका, तो प्लास्टिकला आणि स्क्रीनलाही खातो. लॅपटॉप उघडून साफ करून घ्या आणि काही दिवस जेवणाच्या टेबलापासून लांब ठेवा.

बटणाची टोपी निघाली. पुन्हा बसेल का?

टोपीखाली कात्रीसारखी दोन पायांची बारीक प्लास्टिकची चौकट असते, आणि मधे रबराची छोटी वाटी. चौकटीचे चारही कान शाबूत असतील तर आधी चौकट खालच्या पत्र्यात अडकवा, मग वरून टोपी ठेवून हलकेच दाबा. टक असा आवाज येतो. एक जरी कान तुटला असेल तर बटण डुगडुगत राहतं, फेविक्विकने ते जमत नाही. गोंद खाली उतरला की थरच चिकटतात. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टला आत तारेचा एक दांडाही असतो, तो आधी त्याच्या आकड्यांत बसवावा लागतो. तुटलेल्या बटणाच्या जागी क्वचित लागणारं, त्याच मापाचं बटण काढून लावता येतं, पण चौकटीसकट.

एक बटण आपोआप दाबलं जातंय, स्क्रीनवर त्याच अक्षराची रांग लागते.

आधी साफ करा. तरी थांबलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्ड मॅनेजर आहे, त्यात ते बटण बंद करता येतं. मेलेल्या बटणाचं काम दुसऱ्याकडे देणंही तिथेच जमतं, उदाहरणार्थ उजव्या कंट्रोलला एंटर बनवणं. पण पॉवरटॉइज लॉगिन झाल्यावरच चालू होतं. पासवर्डच्या खिडकीतही बटण बंद हवं असेल तर शार्पकीज वापरा, ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, नोंद करतं. मॅकवर कॅराबिनर-एलिमेंट्स.

स्पेसबार मधोमध वर आलाय, टचपॅडही दाबला जात नाही.

इथे थांबा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि कोपऱ्यांकडे बघा. तो डगमगत असेल, खालचं झाकण फुगलं असेल, टचपॅड उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. लिथियम बॅटरीत आत वायू तयार झाला की ती पिशवीसारखी फुगते आणि वरच्या कीबोर्डला खालून ढकलते. लोक बटण जोराने दाबत राहतात, आणि खाली ती फुगलेली पिशवी असते.

चार्जर लगेच काढा, लॅपटॉप बंद करा, परत चार्ज करू नका. गादीवर, सोफ्यावर ठेवू नका. बॅटरी दाबू नका, टोचू नका, हवा काढायचा प्रयत्न करू नका. ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप कंपनीच्या केंद्रात किंवा जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. बॅटरी बदलली की बहुतेक वेळा कीबोर्ड जसाच्या तसा बरा होतो. या पानावरचं दुसरं काही नाही वाचलं तरी चालेल, हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

माझं मॅकबुक २०१७चं आहे, एक अक्षर दोनदा उमटतं.

२०१५च्या १२ इंची मॅकबुकपासून ॲपलने अतिशय पातळ बटरफ्लाय कीबोर्ड वापरला. त्यात धुळीचा कण शिरला तरी बटण अडकायचं किंवा अक्षर दोनदा यायचं. तक्रारी इतक्या वाढल्या की जून २०१८मध्ये ॲपलने मोफत दुरुस्तीची योजना आणली, पहिल्या विक्रीपासून ४ वर्षं. नोव्हेंबर २०१९च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून जुनी, कात्रीची रचना परत आली. तुमच्या मॅकबुकची ती मुदत संपली आहे. लॅपटॉप सुमारे ७५ अंशांत तिरका धरून दाबलेली हवा डावीकडून उजवीकडे फिरवायची, मग बाजू बदलून पुन्हा, ही ॲपलनेच सांगितलेली पद्धत आधी करून बघा. या कीबोर्डची बटणं उचकटू नका.

पासवर्डमधलंच अक्षर बंद आहे, आत कसं जाऊ?

लॉगिनच्या पानावर खाली उजवीकडे माणसाच्या आकृतीचं चिन्ह असतं. तिथे स्क्रीनवरचा कीबोर्ड मिळतो, माउसने अक्षरं टिपा. आत गेल्यावर हाच कीबोर्ड विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून येतो. मोठा मजकूर लिहायचा असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं, दुरुस्ती होईपर्यंत काम अडत नाही.

खेळताना तीन बटणं एकदम दाबली की एक लागत नाही.

हा बिघाड नाही. वर सांगितलेल्या रेषांच्या जाळ्यात काही तीन बटणांच्या जोड्या चिपला ओळखता येत नाहीत, म्हणून ती तिसरं सोडून देते.

एका बटणासाठी पूर्ण कीबोर्ड का बदलायचा? आणि खर्च किती?

कारण थर एकसंध असतात, एका बटणाखालची रेषा वेगळी मिळत नाही. स्क्रूने बसणारा साधा, बिनदिव्याचा कीबोर्ड सहसा हजार ते दोन हजारांच्या घरात येतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तो वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या डझनावारी रिव्हेटांनी वितळवून जोडलेला असतो. मग दोन मार्ग: पूर्ण पॅनेल बदलणं, महाग पण पक्कं, किंवा रिव्हेट तोडून नवा कीबोर्ड परत वितळवून बसवणं, स्वस्त पण करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. कोणता मार्ग वापरणार हे आधीच विचारा. मागवण्याआधी जुन्या कीबोर्डच्या पाठीवरचा पार्ट नंबर जुळवा, एंटरचा आकार, दिव्याची पट्टी आणि पॉवर बटण कीबोर्डवरच आहे का तेही बघा. वॉरंटीत असाल तर आधी कंपनीकडे जा. मात्र पाणी सांडल्याचं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

नवीन कीबोर्ड टाकूनही तीच बटणं बंद आहेत.

तर दोष बोर्डावर आहे: कनेक्टरची एखादी पिन, किंवा कीबोर्ड सांभाळणारी चिप. हे चिप-लेव्हलचं काम करणाऱ्याकडे न्या. खर्च परवडत नसेल तर यूएसबी कीबोर्डवर लॅपटॉप वर्षानुवर्षं चालू शकतो, त्यात कमीपणा काही नाही.

दुकानात लॅपटॉप देताना पासवर्ड द्यावा लागतो का?

कीबोर्डच्या कामासाठी नाही. चाचणी बायोसमध्ये किंवा दुकानातल्या पेन ड्राइव्हवरून होते. कुणी मागितला तर नको म्हणा, किंवा समोर बसून स्वतः टाका. आणि जुना कीबोर्ड परत मागून घ्या. त्याच्या टोप्या आणि चौकटी पुढे एखादं बटण तुटलं की नव्या कीबोर्डला लागतात. मी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला तो छोट्या पिशवीत घालूनच देतो.